रबराचा उपासक : चार्ल्स गुडइयर

कापसाच्या हंगामात मनावरच्या बाजारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागते. मधूनच एखादी बैलगाडीही दिसते. परंतु तिच्या चाकावरची लोखंडी धाव जाऊन तेथेही बहुधा रबरी टायरच आलेला असतो. रस्त्यावरचे खड्डे, निमाडचे ऊन, पावसाळ्यातील चिखल आणि वर लादलेले ओझे हे सारे तो टायर निमूटपणे सोसतो. सोसतो म्हणजे नेमके काय करतो? चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरचा जमिनीला टेकलेला भाग चेपतो आणि वर येताच पुन्हा पूर्ववत होतो. ज्या टायरचा घेर २ मीटर आहे, तो एका किलोमीटरमध्ये ५०० वेळा चेपतो. आणि ५०,००० किलोमीटर चालेपर्यंत त्याच्यावर ही पाळी २.५ कोटी वेळा येते. यांतील एकही आघात त्याला तोडण्याइतका मोठा नसतो. तरीही एके दिवशी त्याच्या अंगावर बारीक भेगा दिसू लागतात, आणि मग त्या वाढत जातात.

एखादी लोखंडी तार ओढून पाहा. ती तुटणार नाही. तीच पुनःपुन्हा मागे-पुढे वाकवा. दहा-वीस खेपांत तिचे दोन तुकडे होतील. वारंवार येणाऱ्या लहान लहान ताणांनी पदार्थाची शक्ती संपुष्टात येणे याला शास्त्रात श्रांती म्हणतात. आपण साधेपणाने थकवा म्हणू. आगगाडीचे आस अचानक मोडू लागले तेव्हा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, हा प्रश्न प्रथम इंजिनियर लोकांच्या ध्यानी आला, आणि जर्मनीतील ऑगस्ट व्होलर याने त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. तो लोखंडाचा थकवा. रबराची कथा याहून निराळी आहे, कारण रबराला मुळात थकण्याइतकेही बळ नव्हते. ते त्याला ज्या माणसाने मिळवून दिले, त्याचे नाव चार्ल्स गुडइयर. आपण काय मिळविले आहे याचे खरे कारण त्याला मरेपर्यंत कळले नाही, आणि ते कळण्याची त्या काळी सोयही नव्हती.

रबर हा एका झाडाचा चीक. दक्षिण अमेरिकेतील लोक त्याचा उपयोग फार प्राचीन काळापासून करीत आले आहेत. इंग्लंडात १७७० साली जोसेफ प्रीस्टले याने या पदार्थाने शिसपेन्सिलीचे लिखाण घासून पुसता येते हे नमूद केले, आणि घासण्यावरून त्याचे रबर हे नाव पडले. तुमच्या कंपासपेटीतील खोडरबर हे त्या दृष्टीने त्या कुळातील सर्वांत वडीलधारे होय. आज आमच्या कोंकणात दोडामार्गाच्या बाजूस रबराच्या बागा उभ्या आहेत. झाडाच्या सालीला तिरपी खाच पाडतात आणि पाझरणारा पांढरा चीक वाटीत धरतात. ज्यांनी फणस फोडला आहे त्यांना चिकाचा स्वभाव ठाऊक असेल. हाताला लागला की तेल लावल्यावाचून सुटत नाही. कच्चे रबर उन्हाळ्यात असेच वागते. ते मऊ होते, चिकटते, त्याला दुर्गंधी सुटते. आणि कडक थंडीत ते लाकडासारखे ताठ होते. अमेरिकेत १८३० च्या सुमारास रबराचे बूट, डगले आणि पिशव्या यांचे कारखाने मोठ्या उत्साहाने निघाले. पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांतच तो उत्साह वितळला.

चार्ल्स गुडइयर याचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन येथे झाला. सहा भावंडांत तो वडील. त्याचे वडील अमासा गुडइयर हे शेतीची अवजारे, गुंड्या असा लोखंडी व धातूचा माल तयार करीत, आणि त्यांचे डोकेही नवनवीन युक्त्यांत रमणारे होते. चार्ल्सचे शिक्षण बेताचेच झाले. फिलाडेल्फियात व्यापार शिकून तो वडिलांच्या धंद्यात भागीदार झाला. १८२४ साली क्लॅरिसा बीचर हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढे त्याने फिलाडेल्फियात हार्डवेअरचे दुकान थाटले. परंतु उधारी बुडाली, प्रकृती ढासळली, आणि १८३० च्या सुमारास दिवाळे वाजले. त्या काळी तेथे कर्ज फेडता आले नाही तर तुरुंगात जावे लागे. गुडइयरच्या आयुष्यात तुरुंगाची ही वाट पुढे इतक्या वेळा आली की, तिची मोजदाद करण्यात अर्थ नाही.

१८३४ साली तो न्यूयॉर्कला एका रबर कंपनीच्या दुकानात गेला. तेथे पाण्यात बुडू नये म्हणून कमरेला बांधावयाची, हवा भरलेली रबरी पट्टी त्याने पाहिली. तिची हवा भरण्याची झडप त्याला सदोष वाटली. घरी जाऊन त्याने अधिक चांगली झडप तयार केली आणि मोठ्या आशेने ती दुकानाच्या व्यवस्थापकाला दाखविली. व्यवस्थापकाने झडपेची तारीफ केली. परंतु ती विकत घेण्यास नकार दिला. कारण पट्टीच टिकत नव्हती, तेथे झडप घेऊन काय करावयाचे? कंपनीचा हजारो डॉलरांचा माल वितळून परत आला होता, आणि दुर्गंधीमुळे तो खड्ड्यांत पुरावा लागला होता. झडपेपेक्षा रबर सुधारून दाखविणाऱ्याचे भाग्य उजळेल, एवढे मात्र गुडइयरला त्या भेटीत उमगले. रसायनशास्त्राचा त्याला गंधही नव्हता. वय चौतिशीकडे झुकलेले होते. तो फिलाडेल्फियाला परतला आणि कर्जापायी पुन्हा तुरुंगात गेला.

त्याची पहिली प्रयोगशाळा ती तुरुंगाची खोलीच झाली. क्लॅरिसाने घरचे लाटणे आणि कच्च्या रबराचे गोळे तेथे पोहोचविले. हा गृहस्थ पोळी लाटावी तसे रबर लाटीत बसला आणि त्यात हाताला येईल ती पूड मिसळून पाहू लागला. चिकट पदार्थाला कोरडी पूड चोळली तर चिकटपणा जाईल, इतकाच त्याचा तर्क. मॅग्नेशिया घातल्यावर रबर पांढरे आणि गुळगुळीत झाले. त्याचे बूट केले, ते उन्हाळ्यात लिबलिबले. चुना घालून उकळल्यावर काही दिवस यश आल्यासारखे वाटले. परंतु सौम्य आम्लाचा एक थेंब पडताच तेथले रबर पुन्हा चिकट झाले. कापडावर सोनेरी भुकटीची नक्षी काढली होती, ती पुसावी म्हणून त्याने त्यावर नत्राम्ल ओतले. कापड काळे पडले म्हणून त्याने ते टाकून दिले. काही दिवसांनी आठवण होऊन त्याने ते पुन्हा उचलले, तो काळ्या जागी रबराचा चिकटपणा नाहीसा झालेला! या वाफांचा प्रयोग बंद खोलीत करताना त्याचा जीव गुदमरला आणि तो बरेच दिवस आजारी पडला. तरीही आम्लाची ही कृती आजवरच्या सर्वांहून सरस होती, आणि तिच्या बळावर त्याला भांडवल मिळाले. तोच १८३७ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली आणि भांडवलदार धुळीस मिळाला. गुडइयरचे कुटुंब एका ओस पडलेल्या रबर कारखान्यात राहू लागले.

यानंतर त्याला सरकारकडून टपालाच्या १५० थैल्या तयार करण्याचे काम मिळाले. थैल्या दिसावयास फार सुबक झाल्या. त्या खोलीत टांगून तो काही दिवस परगावी गेला. परतला तेव्हा थैल्या वितळून खाली ओघळल्या होत्या आणि वर नुसत्या मुठी लोंबत होत्या. आम्लाच्या वाफेने फक्त वरची पातळ त्वचा सुधारली होती. आतले रबर जसेच्या तसे कच्चे राहिले होते. या फजितीचे महत्त्व इतर कोणत्याही प्रसंगाहून अधिक आहे, असे मला वाटते. दोष पृष्ठभागाचा नाही, आतल्या गाभ्याचा आहे, हे त्या थैल्यांनी त्याला शिकविले.

वोबर्न या गावी नॅथॅनियल हेवर्ड नावाचा एक कारागीर रबरात गंधक मिसळून ते उन्हात वाळवीत असे. गुडइयरने १८३९ साली त्याचा हक्क विकत घेतला. परंतु उन्हाचा परिणाम पुन्हा वरवरचाच. त्याच साली हिवाळ्यात गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा त्याच्या हातून तापलेल्या शेगडीवर पडला. वितळून त्याचा राब होईल अशी अपेक्षा होती. तो कातड्यासारखा करपला. करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी अशी होती की, ती करपलीही नव्हती आणि चिकटही राहिली नव्हती. तो तुकडा त्याने रात्री बाहेर थंडीत खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी पाहतो तो इतक्या थंडीतही ती पट्टी लवचीक! उष्णतेत वितळेना आणि थंडीत ताठेना. हा केवळ अपघात होता, असे म्हटलेले गुडइयरला आवडत नसे. पुढे आपल्या ग्रंथात त्याने असा खुलासा केला की, जो त्या गोष्टीच्या शोधात वर्षानुवर्षे होता त्यालाच त्या तुकड्यातील अर्थ दिसला. त्याचे म्हणणे मला पटते. घरात शेगडीवर काही सांडले तर आपण काय करतो? पुसून टाकतो.

शेगडीवर त्या तुकड्याच्या पोटात काय घडले, हे समजण्यास जगाला आणखी ८० वर्षे लागली. हर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९२० साली असे प्रतिपादिले की, रबर, कापूस, रेशीम असे पदार्थ अतिशय लांब साखळीसारख्या रेणूंचे बनलेले असतात. एकच लहान घटक हजारो वेळा एकमेकांस जोडला जाऊन ही साखळी होते. अशा पदार्थांना आपल्या परिभाषेत बहुवारिके म्हणतात. इतका प्रचंड रेणू असूच शकत नाही, असे म्हणून मोठमोठ्या विद्वानांनी त्याला विरोध केला. १९५३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा तो ७२ वर्षांचा होता. रबराच्या साखळीतील घटक आयसोप्रीन या नावाचा. त्यात कार्बनचे ५ आणि हायड्रोजनचे ८ अणू असतात. कच्चे रबर म्हणजे अशा असंख्य साखळ्यांचा गुंता. शिजविलेल्या शेवयांचे पातेले डोळ्यांसमोर आणा. शेवया एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण बांधलेल्या नसतात. ओढली की एकेक शेवई सरकत निघून येते. उन्हाळ्यात कच्चे रबर ओघळते ते याच कारणाने.

गंधक आणि उष्णता एकत्र आली की, दोन शेजारच्या साखळ्यांमध्ये गंधकाच्या अणूंचे पूल बांधले जातात. शेवयांच्या गुंत्याचे जाळे होते. कोळ्याच्या जाळ्यातील दोरे सरकत नाहीत, कारण जागोजाग गाठी असतात. तरी जाळे ताणले जाते आणि सोडले की पूर्वस्थितीवर येते. रबरातील या गाठी फार दाट नसतात. लांबलचक साखळीत मधून मधून एखादी गाठ. मधला भाग वळवळण्यास मोकळा. या मोकळ्या भागामुळे रबर ताणते, आणि गाठीमुळे परत येते. गंधक पुष्कळ वाढविला आणि खूप वेळ तापविले, तर गाठी इतक्या दाट होतात की, रबर शिसवी लाकडासारखे कठीण बनते. त्याला एबोनाइट म्हणतात. फाउंटन पेनांची नळकांडी एके काळी त्याचीच होत.

आता थकव्याकडे वळू. कोणत्याही रबरात सूक्ष्म दोष असतातच. कुठे धुळीचा कण, कुठे पुडीची न मिसळलेली गुठळी. रबर ताणले की, सगळा ताण या दोषाच्या टोकाशी एकवटतो आणि तेथील काही साखळ्या तुटतात. पुढच्या ताणाला आणखी काही. अशी भेग प्रत्येक खेपेस केसाच्याही कितीतरी पट कमी अंतराने पुढे सरकते. गाठी फार विरळ असल्या तर साखळ्या निसटतात आणि वस्तूचा आकार बिघडतो. गाठी फार दाट असल्या तर साखळ्यांना हलण्यास जागा उरत नाही. ताण वाटून घेता येत नाही, आणि भेग सरळ धावत सुटते. म्हणून वारंवार वाकणाऱ्या रबराला मधले प्रमाण लागते. हे प्रमाण साधले तर भेगेची वाढ अतिशय मंदावते. ताण एका मर्यादेच्या आत असेल तर नुसत्या ताणण्याने भेग वाढतच नाही, असेही १९६० च्या दशकात इंग्लंडमधील संशोधकांना आढळून आले. मग तिला वाढविणारे शत्रू हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन हे होत. बेचकीचे रबर नुसते टांगून ठेवले तरी काही महिन्यांनी त्याला भेगा पडतात, याचे कारण हेच.

झाडाच्या रबरात आणखी एक गुण आहे. एखादा जाडसर रबरबँड झटकन ताणून ओठाला लावून पाहा. तो कोमट लागेल. ताणले जाताना साखळ्या एका दिशेने सरळ होतात, आणि खूप ताण पडला तर त्या शेजारी शेजारी शिस्तीने बसून तेथे स्फटिक तयार होतात. योहान काट्झ या डच संशोधकाने १९२५ साली क्ष-किरणांनी हे पाहिले. भेगेच्या टोकाशी ताण सर्वांत अधिक. म्हणून स्फटिकही नेमके तेथेच बनतात आणि भेगेची वाट अडवितात. ताण गेला की ते विरघळून जातात. जखम होताच तेथे घट्टा धरावा आणि काम संपताच तो नाहीसा व्हावा, असे हे नवल आहे. कारखान्यात तयार केलेल्या रबराचे अनेक प्रकार आज आहेत. तरीही विमानांच्या आणि जड ट्रकांच्या टायरांना झाडाचे रबर मोठ्या प्रमाणात घालतात, त्यामागे हा गुण आहे.

गंधकाचा पूल किती लांब आहे, यावरही थकवा अवलंबून असतो. दोन साखळ्यांना जोडणाऱ्या पुलात कधी गंधकाचा एकच अणू असतो, कधी चार-पाच किंवा अधिक अणूंची माळ असते. लांब पूल दुबळा असतो. परंतु हे दुबळेपणच उपयोगी पडते. ताण फार झाला की तो साखळीच्या आधी तुटतो, आणि पुन्हा दुसरीकडे जुळतो. तेवढ्यात ताण शेजाऱ्यांत वाटला जातो. असे रबर वाकण्या-ताणण्याला चिवट असते. मात्र उष्णतेत हे पूल टिकत नाहीत. आखूड पुलांचे रबर उष्णतेत टिकते, पण वारंवार वाकविले असता लवकर भेगाळते. दोन्ही गुण एकाच वेळी पुरते मिळत नाहीत. म्हणून एकाच टायरच्या निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळे मिश्रण करावे लागते.

गुडइयरला यांतले काहीही माहीत नव्हते. साखळी नाही, गाठ नाही, पूल नाही. त्याला फक्त इतके कळले होते की, कच्चे आणि करपलेले यांच्या मधल्या त्या अरुंद पट्टीत आपले ईप्सित आहे. किती गंधक, किती उष्णता, किती वेळ? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात १८३९ पासून पुढची पाच वर्षे गेली. रबराचे तुकडे घेऊन तो लोहाराच्या भट्टीवर, पावाच्या भट्टीत, घरच्या स्वयंपाकाच्या चुलीत आणि किटलीच्या वाफेत भाजू लागला. कधी तासभर, कधी दिवसभर. कारखान्यातले काम संपल्यावर भट्टी थोडा वेळ वापरू द्यावी म्हणून तो मालकांच्या विनवण्या करी. अखेर दाबाखालच्या वाफेत, सुमारे १३२ अंश सेल्सियस उष्णतेवर चार ते सहा तास ठेवले असता सर्वत्र सारखा परिणाम होतो, असे त्याला आढळले. सर्वत्र सारखा म्हणजे पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत. टपालाच्या थैल्यांचा धडा आता पुरा झाला.

या पाच वर्षांत घरची स्थिती काय होती? घरातील सामान गहाण पडले. मुलांची शाळेची पुस्तके त्याने पाच डॉलरांना विकली. एकदा भर हिमवादळात तो मैलोन्‌मैल चालत एका परिचिताकडे मदत मागावयास गेला. एकदा बोस्टनला कर्जाऊ रक्कम मिळविण्यास गेला असता ती मिळाली नाहीच, उलट पाच डॉलरांच्या हॉटेलच्या बिलासाठी तुरुंगात बसावे लागले. सुटून पायी घरी पोचला तेव्हा धाकटा मुलगा मरणाच्या दारी होता. त्याच्या बारा अपत्यांपैकी सहा बालपणीच दगावली. चरित्रकार या गोष्टी त्याच्या चिकाटीचा पुरावा म्हणून मोठ्या कौतुकाने सांगतात. त्या सांगताना मला मात्र संकोच वाटतो. चिकाटी त्याची होती हे खरे. परंतु तिची किंमत भरली ती क्लॅरिसाने आणि मुलांनी. शोध लागला नसता, तर हाच मनुष्य हेकट आणि बेजबाबदार म्हणून विसरला गेला असता. तिने तक्रार केली की नाही, हे कोणत्याच चरित्रात फारसे येत नाही. तुरुंगात लाटणे पोहोचविणारी ही बाई सर्व पुस्तकांत दोन-चार ओळींतच संपते.

शेवटी त्याचा मेहुणा विल्यम डी फॉरेस्ट मदतीस आला, आणि १५ जून १८४४ रोजी गुडइयरला अमेरिकेत ३६३३ क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यातील प्रमाण २५ भाग रबर, ५ भाग गंधक आणि ७ भाग सफेदा असे होते. आजच्या दृष्टीने हा गंधक फारच जास्त. हल्ली १०० भाग रबराला बहुधा एक ते तीन भाग गंधक पुरतो. कारण १९०६ साली जॉर्ज ओन्सलेगर याने ही क्रिया जलद करणारी द्रव्ये शोधून काढली. गुडइयरच्या सफेद्याने ते काम थोडेफार केले होते, परंतु ते त्याला ठाऊक नव्हते.

जादा झालेला गंधक मात्र त्याच्या मुळावर आला. जो गंधक पुलांत बांधला जात नाही, तो हळूहळू रबराच्या पृष्ठावर पिवळसर पुडीच्या रूपाने फुलून येतो. पेटंट घेण्यापूर्वी त्याने सुधारलेल्या रबराचे काही नमुने इंग्लंडला पाठविले होते. ते थॉमस हॅन्कॉक या मुरलेल्या रबर कारखानदाराच्या हाती पडले. त्याने ती पूड ओळखली, आपल्या कारखान्यात प्रयोग केले आणि १८४३ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडात पेटंटासाठी अर्ज केला. गुडइयर काही आठवड्यांनी मागे पडला. ज्या मालाने आपले गुपित सांभाळावयाचे, त्यानेच ते अंगावर लिहून नेले होते. हॅन्कॉकचा मित्र विल्यम ब्रॉकडन याने या क्रियेला रोमन लोकांच्या अग्निदेवतेच्या, व्हल्कनच्या, नावावरून जे नाव सुचविले, ते आजही चालते. मराठीत आपण व्हल्कनीकरण म्हणतो.

अमेरिकेत तरी त्याचा हक्क निर्वेध राहिला काय? नाही. पेटंट मोडून माल काढणारे कारखानदार जागोजाग निघाले. १८५२ साली ट्रेंटन येथे होरेस डे याच्याविरुद्ध मोठा खटला झाला. गुडइयरची बाजू प्रसिद्ध वक्ते व मुत्सद्दी डॅनियल वेब्स्टर यांनी मांडली. त्यांची फी १५,००० डॉलर होती असे सांगतात. खटला गुडइयरने जिंकला. परंतु पैसा जमविण्याची कला त्याला कधीच साधली नाही. परवाने फार स्वस्तात देऊन तो नव्या प्रयोगांकडे वळे. रबराचे काय होणार नाही, असे त्याला वाटेचना. तो रबराची टोपी, रबराचा डगला घालून हिंडे. आपला ग्रंथ त्याने चक्क रबराच्या पातळ पानांवरही छापविला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने कठीण रबराचे दालन उभारले, त्यात भिंती, सामानसुमान, दागिने सारे रबराचे. खर्च ३०,००० डॉलर.

१८५३ साली क्लॅरिसा वारली. पुढच्या वर्षी त्याने फॅनी वॉर्डेल हिच्याशी विवाह केला. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने पुन्हा भव्य दालन मांडले, आणि त्यापायी झालेली देणी न फिटल्यामुळे पॅरिसमधील क्लिशी येथील कर्जदारांच्या तुरुंगात त्याची रवानगी झाली. फ्रान्सच्या बादशहाने त्याला दिलेला सन्मानाचा क्रॉस त्याच सुमाराचा. इंग्लंडच्या न्यायालयातही हॅन्कॉकचेच पेटंट कायम राहिले.

१८५८ साली अमेरिकन सरकारने त्याच्या पेटंटाची मुदत सात वर्षांनी वाढविली. तोपर्यंत त्याची प्रकृती पार खालावली होती. शिशाच्या संयुगांत हात घालून काढलेली वर्षेही त्याला कारण असतील. १८६० च्या उन्हाळ्यात मुलगी मरणोन्मुख असल्याचे कळताच तो तिला पाहण्यास निघाला. न्यूयॉर्कला पोचला तो ती वारल्याचे समजले. तेथेच हॉटेलात तो कोसळला आणि १ जुलै १८६० रोजी त्याचा अंत झाला. डोक्यावर सुमारे २ लक्ष डॉलरांचे कर्ज होते. योगायोग असा की, ग्रेव्हिल विल्यम्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने रबर तापवून त्यातून आयसोप्रीन वेगळे काढले ते याच १८६० साली.

हवा भरलेला टायर जॉन डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केला तो १८८८ च्या सुमारास; गुडइयरने तो पाहिला नाही. टायराला बळकटी आणणारी काजळी त्याच्या मिश्रणात शिरली ती विसाव्या शतकात. आपल्याच धार जिल्ह्यात पीथमपूरजवळ ब्रिजस्टोन कंपनीचा टायरांचा कारखाना आहे, आणि त्याच पीथमपूरला मोटारींच्या चाचणीसाठी बांधलेला ११.३ किलोमीटरचा लंबवर्तुळाकार जलदगती मार्ग २०२१ साली खुला झाला. रबराचा थकवा मोजण्यासाठी प्रयोगशाळांत एक साधे यंत्र असते. रबराच्या पट्टीला मध्ये खाच पाडून ती त्यात अडकवितात. यंत्र ती एकसारखी दुमडते आणि सरळ करते, आणि इतक्या हजार घड्यांनंतर भेग किती वाढली हे माणूस मोजतो.

अमेरिकेत अ‍ॅक्रन येथे १८९८ साली फ्रँक सायबरलिंग याने टायरांची कंपनी काढली आणि तिला गुडइयरचे नाव दिले. त्या नावाचे टायर जगभर खपतात. गुडइयरच्या घराण्याचा त्या कंपनीशी काहीही संबंध नव्हता. त्याचा चार्ल्स याच नावाचा मुलगा मात्र बापाप्रमाणे संशोधक निघाला. त्याने बुटाचे तळवे शिवण्याच्या यंत्रात सुधारणा घडवून आणली, आणि ती शिवण चांभारकामाच्या धंद्यात अद्यापि गुडइयरच्या नावाने ओळखली जाते.